पंडितचं यकृत, माझं खोटं

हे मी त्या लोकांसाठी लिहितो आहे ज्यांच्या घरी म्हातारा पोपट आहे, आणि ज्यांना अलीकडे तो जरा गप्प वाटतो. पोपट पाळू नये, कायद्यानंही त्याला मनाई आहे, हे मला ठाऊक आहे. पाळला तेव्हाही ठाऊक होतं. पण ज्यांच्याकडे तो आहेच, त्यांना माझ्या मूर्खपणाचा काही उपयोग झाला तर व्हावा. या लेखात औषधांची नावं नाहीत. ती डॉक्टरला विचारावीत, आणि विचारताना खरं बोलावं.

भाट

आमच्या पोपटाचं नाव पंडित. अमरावतीत मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. निवृत्तीनंतर एका स्थानिक दैनिकात सदर लिहितो. विषय बहुतेक एकच: लोकांचा बडेजाव. सत्कार, शाली, फ्लेक्सवरचे हात जोडलेले चेहरे, स्वतःच्या पैशानं छापलेले गौरवग्रंथ. पोपटाचं नाव पंडित ठेवलं तेही पंडितांची टर उडवायला.

एकवीस वर्षांपूर्वी तो मोर्शीच्या बाजारातून आणला. टोपलीत पाच-सहा पिल्लं होती, अंगावर धड पिसं नव्हती. लोकांना मी सांगायचो, "बाजारातून सोडवून आणला." विकणाऱ्यानं पुढच्या आठवड्यात त्या रिकाम्या जागी दुसरं पिल्लू ठेवलं असणार, हे मी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर माझ्यासारख्याच तीन-चार निवृत्त लोकांचा कट्टा जमतो. पिंजरा तिथेच टांगलेला. मी काही बोललो आणि वाक्य संपवून थांबलो की पंडित म्हणायचा, "वा! वा!" हे मी त्याला शिकवलं होतं. तीन महिने लागले. मी वाक्य म्हणून थांबायचो, तो "वा" म्हणाला की एक शेंगदाणा द्यायचो. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो, पण वाक्य संपवून थांबायची सवय मला कायमची लागली.

तर असं आहे. गावभरच्या भाटांची चेष्टा करणारा माणूस घरी एक भाट बाळगून होता आणि त्याला शेंगदाण्यात पगार देत होता. मी बोलका माणूस आहे. दिवसाला वीस-पंचवीस दाणे सहज व्हायचे. शिवाय वाटीत सूर्यफुलाच्या बिया भरलेल्या असायच्या, सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट असायचं, आणि पाहुण्यांकडून शेव.

"वय झालं"

मागच्या वर्षी दिवाळीनंतर सुलभा, माझी बायको, म्हणायला लागली, "अवो, त्याची चोच पाहा बरं. लय वाढली."

"वयानं वाढते."

"काळे डाग हायेत तिच्यावर."

"तुझ्या हातावर नाहीत का?"

आठ दिवसांनी ती परत म्हणाली, "त्याची शीट पिवळी येऊन राहिली. आन नुसता बसला असला तरी शेपूट खालीवर करते, पंपावानी."

सुलभा भातकुलीची, शेतकऱ्याघरची. गाय आजारी पडायच्या आधी दोन दिवस ती कशी उभी राहते, हे तिला कळतं. मला पुस्तकांतलं कळतं. मी तिला म्हणालो, "म्हातारपण हा आजार नसतो, सुलभा." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या सदरात वापरलं. दोघांचे फोन आले.

पंडितचं "वा" हळूहळू बंद झालं होतं. आधी दोनदाऐवजी एकदा, मग नुसती मान, मग काहीच नाही. मला राग यायचा, हे आता लिहायला लाज वाटते. मला वाटलं, तो रुसला. मी दाण्यांची संख्या वाढवली.

नंतर कळलं, पोपट आजार लपवतो. थव्यात जो दुबळा दिसतो तो आधी मरतो, म्हणून शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग करतो. म्हणजे आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सुलभाला दोन महिने आधी दिसलं होतं. तो दोन महिन्यांचा उशीर पंडितनं केलेला नाही.

कापडाखाली

एका सकाळी तो दांडीवर न बसता पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. तेव्हा मी हललो.

अकोल्याला सुलभाची बहीण राहते. तिच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी पाखरांवर तिथल्या एका डॉक्टरबाईंनी चांगले उपचार केले होते. अमरावतीत कुठे जाणं मला नकोच होतं. इथं मला लोक ओळखतात, आणि मी वर्षभरापूर्वीच सर्कशीतल्या प्राण्यांवर दोन कॉलम कळवळून लिहिलं होतं. सुलभा येते म्हणाली. मी म्हणालो, "कशाला, एका दिवसाचं काम."

पिंजऱ्यावर तिचा जुना परकर टाकला आणि एसटी पकडली. कंडक्टर आला.

"काय हाये जी याच्यात?"

मी म्हणालो, "देव आहेत."

का म्हणालो, माहीत नाही. पुस्तकं म्हणता आलं असतं. भांडी म्हणता आलं असतं. ज्यानं घरातलं देवघर वडिलांच्या माघारी कपाटात ठेवलं, तो माणूस भर एसटीत "देव आहेत" म्हणाला. कंडक्टरनं परकराला हात लावून कपाळाला लावला आणि समोरच्या सीटवरच्या माणसाला उठवलं. "बसा काका. मांडीवर घ्या, खाली ठेवू नका."

मूर्तिजापूरपर्यंत शेजारची बाई दर दहा मिनिटांनी पिंजऱ्याला नमस्कार करत होती. आतून घरघर ऐकू येत होती. मी खोकत होतो, ती कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांचा प्रश्न

डॉ. नसरीन तिशीच्या असतील. मूळच्या अकोटच्या, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, कारण मला पाहताच त्या उभ्या राहिल्या.

"सर, तुमी? आमच्या शाळेत आलते तुमी. बक्षीस समारंभाले. मी नववीत होती."

मला आठवत नव्हतं. मी असं आठवल्यासारखं केलं की मलाही पटलं.

"तुमी हार घेतला नव्हता, सर. म्हणाले होते, ज्यानं काही केलं नाही त्याच्या गळ्यात हार कशाले. आम्ही पोरी लय दिवस बोलत होतो त्यावर."

तो हार नाकारायला मी किती वेळ घेतला असेल, याची मला कल्पना आहे. घालून घेतला असता तर निम्म्या वेळात झालं असतं.

त्यांनी पंडितला टॉवेलमध्ये अलगद धरलं. चोच पाहिली, तोंडाच्या आत पाहिलं, पाय उलटे केले. तळव्यांना घट्टे पडून लाल झाले होते. एकवीस वर्षं एकाच जाडीची गुळगुळीत दांडी. मग छातीवर बोट फिरवलं आणि वजन केलं.

"वजन जास्त हाये, सर. काय खाते हा?"

इथं मी थोडा थांबतो, कारण या लेखात सांगण्यासारखं जे काही आहे ते इथं आहे.

मी म्हणालो, "सगळं. फळं, पालेभाज्या. पेरू, गाजर, मेथी."

"बिया? शेंगदाणे?"

"क्वचित. सणावारी."

"चहा-बिस्कीट नाही ना देत?"

"छे, छे."

खोटं बोलताना माझी भाषा फार शुद्ध होते. "आहाराच्या बाबतीत आम्ही पहिल्यापासून दक्ष आहोत," असंही एक वाक्य मी उच्चारलं. वाक्य संपवून थांबलो.

त्यांनी आणखी एकदा विचारलं. "नक्की ना, सर? कारण चोच असं काही सांगून नाही राहिली." मी म्हणालो, नक्की. त्या मिनिटभर पंडितकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आहार ठीक असेल तर श्वासाचा त्रास संसर्गाचा असू शकतो, असं म्हणून त्यांनी त्यावरचं औषध लिहून दिलं. "चार दिवस पाहू. कमी नाही झालं तं लगेच आणा."

येतानाही देवच आणले.

चार दिवस

औषध पाजायचं काम सुलभाचं. माझ्या हातून तो घेईना. सकाळ-संध्याकाळ ती त्याला ओढणीत गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडायची. मी शेजारी उभा राहून बाटलीवरचं वाचायचो.

"डॉक्टरीनबाईनं खाण्याचं नाही इचारलं?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"विचारलं."

"मंग काय सांगतलं तुमी?"

"जे आहे ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे मला सुटल्यासारखं वाटलं.

पंडित खंगत चालला. खायला घातलं की टरफलं पडायची, म्हणून तो खातो असं मला वाटायचं. सुलभानं टरफलं वेचून दाखवली. निम्म्या बिया आत तशाच होत्या. तो नुसता चावायचं सोंग करत होता. कट्ट्यावरच्या मंडळींना मी येऊ नका म्हणालो. एकानं फोनवर विचारलं, "पंडितची तब्येत कशी?" मी म्हणालो, "संसर्ग आहे, हवेतला." हवेवर टाकलं की बरं असतं, हवा काही बोलत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा होता. सुलभानं हात आत घातला तर त्यानं बोट चावायचाही प्रयत्न केला नाही. तिनं चप्पल घातली आणि पिंजरा उचलला. परकर मी हातात घेतला होता. ती म्हणाली, "राहू द्या तो. कोनी इचारलं तं सांगीन, आजारी हाये."

कंडक्टरनं विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मंग उन्हाच्या बाजूनं नका बसू, मावशी." एवढंच झालं.

सुलभा बोलली

डॉक्टरांनी पंडितला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. रक्त घेतलं, एक्स-रे काढला. मग बाहेर येऊन त्यांनी फिल्म उजेडात धरली. यकृत इतकं वाढलं होतं की श्वासाच्या पिशव्यांना जागाच उरली नव्हती. घरघर त्याची होती.

"सर, हे चरबीचं यकृत हाये. वर्षानुवर्षं तेलबिया खाल्ल्यावर असं होते. पन तुमी तं म्हणाले..."

मी म्हणालो, "कधीकधी आनुवंशिक..."

"दाने खाते तो," सुलभा म्हणाली. "रोज. मूठ-मूठभर. सूर्यफूल खाते, चहात बिस्कीट खाते, शेव खाते. फळ एकवीस वर्षात दहा डाव खाल्लं नसन. यायनं नाही सांगतलं का?"

खोलीत एक बकरी होती, तिचा मालक होता, आणि एक कंपाउंडर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बकरीनंही, असं मला वाटलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मी रागाला उत्तर देऊ शकतो. त्या नुसतं म्हणाल्या, "मले शंका होती, सर. चोच पाहूनच होती. दुसरं कोनी असतं तं मी मानलंच नसतं, तेव्हाच एक्स-रे काढला असता. पन तुमी होते."

दिलेल्या औषधानं आधीच थकलेल्या यकृतावर आणखी ओझं पडलं होतं. चार दिवस गेले होते ते वेगळेच. त्या हे म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, तेव्हा मानेनंच हो म्हणाल्या.

"वाचेल का?"

"आज सांगता येत नाही जी." मग सुलभाकडे वळून म्हणाल्या, "काकू, तुमी थांबसान का इथं? सगळं तुमालेच इचारतो आता."

बाकावर

पंडित सहा दिवस तिथं होता. काचेची पेटी, वर पिवळा बल्ब, बाजूला ओलं फडकं. दर काही तासांनी बारीक नळीनं त्याच्या गळ्यातल्या पिशवीत पातळ लापशी सोडायची. सुलभा बहिणीकडून सकाळीच यायची आणि संध्याकाळी जायची. आत एकालाच सोडत. मी बाहेर बाकावर.

ज्यांना दवाखान्यातल्या वाट पाहण्याची सवय नाही त्यांना सांगतो: जनावरांच्या दवाखान्यात कुणी तुमचं नाव विचारत नाही. "पोपटवाले काका" एवढीच ओळख. पहिल्या दिवशी ते मला टोचलं, तिसऱ्या दिवशी त्याचा आधार वाटायला लागला. शेजारी म्हैसवाले, कुत्रेवाले, बकरीवाले. कुणी सदर वाचत नव्हतं.

एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय झालं पोपटाले?"

"लिव्हर."

तो चकित झाला. "पेत होता का?"

"नाही. मी पाजत होतो."

त्यानं सांभाळून मान हलवली आणि जरा सरकून बसला. त्याची बायको मात्र माझ्याजवळ भाकरी आणि ठेचा ठेवून गेली. दोन दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागली.

भीती कशी असते ते मला नीट सांगता येत नाही. तो मरेल याची भीती होतीच. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तिच्यात दुसरी एक मिसळलेली होती: तो मेला तर लोकांना काय सांगायचं. संसर्ग म्हणून सांगता आलं असतं. मी ते वाक्य मनात तयारही केलं होतं. एका आजारी पाखराच्या दारात बसून मी त्याच्या मृत्यूचा मजकूर सुधारत होतो.

चौथ्या दिवशी सुलभा बाहेर आली आणि पाणी प्यायली. "चावला," म्हणाली. "डॉक्टरीनबाईच्या बोटाले चावला, रक्त काढलं." आणि बाकावर बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण पाठही टेकवली नाही.

घरी

तो घरी आला त्याला आता पाच महिने झाले. ज्यांना हे पुढे करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं.

बिया एकदम बंद करू नका. आयुष्यभर ज्यानं तेच खाल्लं तो दुसरं खाणं ओळखतच नाही, आणि उपाशी राहून आठवड्यात मरू शकतो. डॉक्टरांनी आठवड्याला थोडं थोडं कमी करायला सांगितलं होतं, तरी पंडितनं पहिले पंधरा दिवस गाजराकडे असं पाहिलं की जणू ते त्याच्या वाटीत कुणी चुकून विसरून गेलं आहे. सुलभा त्याच्यासमोर बसून स्वतः मेथी खायची, कच्ची. त्याला वाटलं असावं, ही खाते तर काही तरी असेल. अठराव्या दिवशी एक पान तोडलं.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. तो सुलभाच्या हातावरून काट्यावर चढतो, माझ्या हातावर येत नाही. रोज तळाचा कागद बदलायचा आणि शिटेचा रंग पाहायचा. ही गोष्ट वर्तमानपत्रापेक्षा जास्त खरी बातमी देते, आणि तळाला मी माझंच सदर घालतो. दांड्या आता कडुनिंबाच्या आणि पेरूच्या, वाकड्या, वेगवेगळ्या जाडीच्या. तळवे बरे होत आले. यकृत पूर्वीसारखं होणार नाही. आहे तेवढं सांभाळायचं. चोच दर दोन महिन्यांनी डॉक्टर घासून देतात. ती घरी नेलकटरनं कापू नका. मी दिवाळीनंतर एकदा तेही केलं होतं. सुलभा ओरडली म्हणून थांबलो.

कट्टा पुन्हा भरतो, पण पिंजरा आता आतल्या खोलीत असतो. मी मंडळींना सगळं सांगितलं, संसर्गाचं खोटंही. मग एक जण म्हणाला, "सर, तुम्ही हे ज्या मोकळेपणानं सांगितलं, त्याचं कौतुक वाटतं." मी त्याला म्हणालो, बाबा रे, तू तरी नको.

अर्ज

डॉक्टरांनी सुटी देतानाच सांगितलं होतं, "सर, इलाज केला, ते माहं काम होतं. पन हा पक्षी घरात ठेवता येत नाही. वनखात्याले तुमी स्वतःच कळवा. ते ठेवू देतील का घेऊन जातील, मले नाही सांगता येत."

चार महिने मी ते टाळलं. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्यासारख्यांना कोण विचारतं सर? राहू द्या." तसंच कुणीतरी मानलं होतं आणि एक्स-रे चार दिवस उशिरा निघाला होता. मी घरी येऊन अर्ज लिहायला बसलो.

अर्ज चांगला झाला. कुठं विकत घेतला, किती वर्षं ठेवला, काय खायला घातलं, डॉक्टरांना काय खोटं सांगितलं, सगळं. "मी या पक्ष्याचा अपराधी आहे," असा शेवट होता. सुलभा भाजी निवडत होती. तिला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "नेतील का हो त्याले?"

"नेऊ शकतात."

"हं." तिनं दोन देठं तोडली. "मोठं वाटावं म्हून तुमाले पोपट पायजे होता. आता मोठं वाटावं म्हूनच देऊन राहिले का?"

अर्ज द्यायला हवा हे खरं आहे, आणि तो लिहिताना मला बरं वाटत होतं हेही खरं आहे.

"नका देऊ म्हणत नाही मी," ती म्हणाली. "कायदा हाये तं द्या. पन याच्यात तुमीच तुमी हायेत. त्याचं काय लिवलं? उद्या तिथं कोनी त्याले पाह्यन, त्याले काय मालूम? कागद घ्या दुसरा. मी सांगतो, तुमी लिवा."

मी दुसरा कागद घेतला.

तिनं सांगितलं, मी लिहिलं. पाणी पितळी वाटीत पितो, स्टीलच्या नाही, स्टीलमध्ये त्याला स्वतःचं तोंड दिसतं. डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, म्हणून खाणं उजवीकडून द्यावं. डावा डोळा अधू आहे हे मला माहीत नव्हतं. औषध आधी दाखवावं, मग द्यावं. मेथी धुतलेली, निथळलेली. दुपारी अर्धा तास पानांमधून येणारं ऊन. गळ्याच्या मागं खाजवलेलं आवडतं, डोक्यावर नाही. एकवीस वर्षं मी त्याला डोक्यावरच खाजवत होतो.

पान भरलं. मी उलटलं.

"आन आभाळ गरजलं का भेते तो," ती म्हणाली. "थरथर कापते. तवा पिंजऱ्यावर हात ठेवा लागते, गरजनं थांबलं का मंग काढाचा."

"हात कुणाचा?" मी विचारलं. कागदावर नीट यावं म्हणून.

"कोनाचाही चालते," सुलभा म्हणाली. "ठेवला असता तं तुमाले मालूम असतं."

मी लिहिलं: कुणाचाही चालतो.